पुढच्या स्प्रिंगा आणि फॉर्ममधला तो एक रकाना

ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या, गाडीला पुढे कोणत्या स्प्रिंगा टाकायच्या, याचं उत्तर प्रत्येकाच्या तोंडावर तयार असतं: "मऊ टाक, लांब टाक, नाक उचललं पाहिजे." सल्ला चुकीचा नाही. पण मऊ म्हणजे किती आणि लांब म्हणजे किती, असं विचारलं की सल्ला देणारा गाडीचा रंग वगैरे विषयांकडे वळतो. मी मात्र आकडे हातात आल्याशिवाय पैसे टाकायचे नाहीत असं ठरवून बसलो होतो. गाडी नेहमीच्या ए-आर्मची (चाक धरणारे, आतल्या टोकाला बिजागरीवर फिरणारे वर-खाली दोन आर्म), खालच्या आर्मवर बसणारी स्प्रिंग. जुन्या स्प्रिंगा काढणं, बुश बदलणं, वळणावर गाडी कलू न देणारा अँटी-रोल बार उतरवणं हे सगळं विनातक्रार झालं. अडलं ते विक्रेत्याच्या ऑर्डर फॉर्मपाशी.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: "पुढचं वजन". बस, एवढंच. ड्रायव्हर बसलेला की रिकामी गाडी? दोन्ही चाकांचं मिळून की एका बाजूचं? टाकीत पेट्रोल किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाक, टायर, ब्रेक, स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो आस) धरून की वगळून? हे सामान आपला भार थेट जमिनीवर टाकतं, स्प्रिंगच्या खांद्यावर ते येतच नाही. एका कोपऱ्यावर ते सहज ८० पौंड भरतं. म्हणजे त्या एकाच रकान्यात प्रामाणिकपणे चार वेगवेगळे आकडे लिहिता येतात आणि प्रत्येकावरून वेगळी स्प्रिंग निघते.

मी विचारलं. उत्तरादाखल एक तक्ता आला. डावीकडे गाडीचं मॉडेल, वर इंजिनाचा प्रकार, चौकटीत पार्ट नंबर. असे तक्ते कारखान्यातून निघालेल्या गाडीवर बेतलेले असतात. माझ्या गाडीत इंजिनाची हेड ॲल्युमिनियमची, फायबरचं बॉनेट, बॅटरी मागच्या डिकीत. तक्त्यातल्या गाडीशी तिचं नातं फक्त नावापुरतं. पुन्हा विचारलं, पुन्हा तोच तक्ता, या वेळी माझी ओळ पिवळी करून! फोनवरच्या माणसाने तर विषयच मिटवला: "अहो, सगळे हीच टाकतात." सगळ्यांच्या गाडीचं वजन सारखं असतं का, यावर त्याने मला होल्डवर ठेवलं.

मग मी त्या रकान्याचा नाद सोडला आणि हिशोब स्वतः मांडला. ज्यांना घाई आहे त्यांनी निदान एवढा भाग तरी वाचावा.

चारही चाकांखाली काटे ठेवून, ड्रायव्हर पूर्ण पोशाखात बसवून आणि शर्यतीला असतं तेवढंच पेट्रोल भरून गाडी तोलली. एकूण ३००० पौंड, पुढे १५००, म्हणजे एका चाकावर ७५०. त्यातून ८० वजा केले, उरले ६७०. आता आर्म ही तरफ आहे. आतल्या बिजागरीपासून चाकाकडच्या बॉल जॉइंटपर्यंत १६ इंच, स्प्रिंगच्या बैठकीपर्यंत ८. गुणोत्तर अर्धं. म्हणून स्प्रिंगवर येणारा भार ६७० नाही, त्याच्या दुप्पट: १३४० पौंड. इथपर्यंत बहुतेक जण येतात. पुढची पायरी मात्र हमखास गाळली जाते. भारासाठी गुणोत्तर एकदाच लावायचं, पण स्प्रिंगचा रेट (ती एक इंच दाबायला लागणारा जोर) चाकापाशी किती जाणवतो हे काढताना त्याचा वर्ग घ्यायचा, कारण अंतर आणि जोर दोन्ही तरफेतून बदलून येतात. २५० पौंड प्रति इंचाची स्प्रिंग चाकापाशी फक्त ६२.५ वाटते. ३५० ची वाटते ८७.५.

कॉइल-ओव्हर (शॉकवरच बसवलेली स्प्रिंग) असेल आणि तो तिरका बसला असेल तर तिरकेपणाचीही वजावट करावी लागते. २० अंशांच्या कलाला रेट सुमारे १२ टक्क्यांनी कमी जाणवतो.

आता मऊपणाचं खरं काम. मऊ स्प्रिंगमुळे गाडी सुटताना मागच्या चाकांवर जास्त वजन जातं आणि पकड वाढते, असं सर्रास म्हटलं जातं. मागे किती वजन जाणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आणि लाँचचा, म्हणजे सुटण्याचा, जोर ठरवतात. माझ्या गाडीला गुरुत्वमध्य २० इंचांवर आणि व्हीलबेस १०८ इंच धरला, तर १.२ जी च्या (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट वेगवाढीच्या) लाँचला साधारण ६६७ पौंड मागे जातात, स्प्रिंग कोणतीही असो. स्प्रिंग ठरवते ती नाकाची उचल. एका चाकावरून ३३३ पौंड हलके झाले की २५० च्या स्प्रिंगवर नाक सव्वापाच इंच उठू पाहतं, ३५० वर पावणेचार. नाक उठलं की गुरुत्वमध्यही थोडा वर जातो, तेवढीच वजनात भर. पण मुख्य फायदा हा की मागच्या टायरला भार एका दणक्यात न मिळता सावकाश मिळतो.

लांबीचा प्रश्नही इथेच सुटतो. १३४० ला २५० ने भागलं की ५.३६ इंच. गाडी उभी असताना स्प्रिंगची बसलेली उंची साडेदहा इंच हवी, तर मोकळी स्प्रिंग जवळपास १५.९ इंचांची हवी. "लांब टाक" म्हणणाऱ्यांना हेच म्हणायचं असतं.

फॉर्म परत उघडला. रकान्यात शून्य लिहिलं आणि खाली शेऱ्याच्या जागेत: साडेदहा इंचांवर १३४० पौंड भार, रेट २५०. शून्य पाहून तिथे कुणीतरी दचकलं असावं, कारण या वेळी उत्तर थेट स्प्रिंग वळणाऱ्या माणसाकडून आलं. त्याने एकच प्रश्न विचारला, पण नेमका: पूर्ण दबल्यावर वेढे एकमेकांना टेकायच्या आत आर्म बंप स्टॉपवर (त्याची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर) येतो ना? येतो. विषय संपला. त्या माणसाला आधीच फोन का जोडून दिला नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

स्प्रिंगा आल्या त्या बरोबर निघाल्या. तरी चिकटवलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका, स्प्रिंग टेस्टरवर दाबून रेट बघा. सुरुवातीला टोकांचे वेढे नीट बसेपर्यंत वाचन फसवं येतं, म्हणून पहिला इंच सोडून पुढचा मोजा.

जुन्याच स्प्रिंगा कापून वापरू म्हणणाऱ्यांसाठी: आठ काम करणाऱ्या वेढ्यांतला एक कापला की रेट सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट.

बसवताना जीव सांभाळा. सोळा इंचांची स्प्रिंग साडेदहात कोंबायची म्हणजे चेष्टा नव्हे. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावा, वर साखळी बांधा, आणि कुणालाही आर्मच्या समोर उभं राहू देऊ नका.

शॉकबद्दल थोडक्यात. पुढे ९०/१० जातीचे, म्हणजे सहज उघडणारे आणि जड दबणारे, मऊ स्प्रिंगबरोबर चालतात. पण उघडण्याचा जोर बदलता येणारे मिळाले तर तेच घ्या. माझी गाडी पहिल्यांदा सुटली तेव्हा नाक असं उठलं की शॉक वरच्या टोकाला आदळला. तसं झालं की पुढचं वजन झटका देतं आणि मागचा टायर क्षणभर हलका होतो. मी उघडण्याचा जोर थोडा कसला, नाकाची उचल अडवणारा लिमिटरचा पट्टा आखूड केला, आणि सुटल्यापासूनच्या पहिल्या ६० फुटांचा वेळ लगेच खाली आला. छाती फुगली, लपवत नाही. ताकद जास्त असलेल्या गाडीला मुळातच कमी उचल पुरते, तिने माझा २५० चा आकडा उचलू नये.

आणि हो, जुन्या स्प्रिंगा काढायच्या आधी, गाडी चाकांवर उभी असताना, वरच्या बैठकीपासून खालच्या बैठकीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून ठेवा. नंतर नाक उचललेल्या आणि बसलेल्या अशा दोन्ही स्थितींत टो-इन (चाकांचं पुढून आत वळलेलं असणं) तपासा. सव्वापाच इंचांच्या उचलीत चाकं तिरकी वळत असतील, तर आधी स्टीअरिंगच्या टाय रॉडची उंची जुळवावी लागेल.