वेगमर्यादा की चालमर्यादा?

रस्त्यावरील पाटीवर आपण ‘वेगमर्यादा’ लिहितो आणि गाडीतील काट्याला ‘वेगमापी’ म्हणतो. परंतु भौतिकशास्त्राच्या काटेकोर परिभाषेत हे दोन्ही शब्द चुकीचेच ठरतात, कारण तो काटा गाडी किती झपाट्याने धावते एवढेच सांगतो, कोणत्या दिशेने ते सांगत नाही. दिशेवाचूनची ती राशी म्हणजे चाल, आणि दिशेसह सांगितली की तो वेग.

पुण्याहून सकाळी सुटणारी डेक्कन क्वीन घ्या. सुमारे 192 किलोमीटरचा लोहमार्ग ती साधारण 3 तास 10 मिनिटांत कापते, म्हणजे तिची सरासरी चाल ताशी 60 किलोमीटरच्या आसपास येते. पुणे आणि मुंबई यांच्यातील सरळ रेषेतील अंतर मात्र जेमतेम 120 किलोमीटर आहे. वेग काढताना धरायचे ते विस्थापन, म्हणजे निघालेल्या ठिकाणापासून पोहोचलेल्या ठिकाणापर्यंतचे दिशेसह सरळ अंतर. ते तेवढेच असल्यामुळे सरासरी वेग भरतो ताशी सुमारे 38 किलोमीटर, तोही पश्चिम-वायव्येकडे. संध्याकाळी त्याच गाडीने परतणाऱ्या प्रवाशाचे दिवसाचे विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य! पाठ मोडून घरी आलेल्या माणसाला हे सांगण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

बोरघाटातील वळणावर तर खरी गंमत आहे. काटा 30 वर स्थिर असला तरी दिशा क्षणोक्षणी बदलत असल्याने वेग बदलतच असतो, म्हणजेच गाडीला त्वरण (वेग बदलण्याचा दर) असते, आणि खिडकीपाशी बसलेल्याचा खांदा वळणाच्या बाहेरच्या बाजूला टेकतो तो त्यामुळेच.