तूर उभ्या उभ्या वाळली तेव्हा

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास अण्णांचा फोन आला, म्हणले खालच्या वावरातली तूर वाळायलीय, पाणी देऊ का. म्हणलं थांबा, मी येतो. औशाजवळ आमचं गाव, काळी भारी जमीन. जाऊन बघतो तर फुलं भरपूर, काही झाडांना शेंगा धरलेल्या आणि मधीमधी झाडं मान टाकून उभी. हात घालून पाहिलं तर मातीत ओल होती की. मग एक झाड उपटलं, बुडापासून उभं चिरलं, आत काळपट तपकिरी रेघा. मर रोग.

हे लिहायचं कारण हेच, की मर लागलेल्या तुरीला लोक पाणी देत बसतात आणि त्याचा काहीच उपयोग नाही. फ्युजॅरियम नावाची बुरशी मुळातून शिरते अन् पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करते, म्हणजे खाली ओल असून झाड तहानेनं मरतं. बुडातून वर चढलेला जांभळट पट्टा दिसला की समजायचं. त्या झाडाला मग औषध नाही. आणि ही बुरशी धसकटांत, मातीत कित्येक वर्षं तग धरते, आम्ही चार वर्षं त्याच वावरात सोयाबीन-तूर, सोयाबीन-तूर करत होतो, आम्हीच तिला पोसलं.

आज्जाच्या काळात तूर ज्वारीत असायची. चार-सहा ओळी ज्वारी, एक-दोन ओळी तूर. तेव्हा मला वाटायचं कडब्यासाठी करतात. पण ज्वारीच्या सोबतीनं मर कमी होते हे संशोधनातही दिसलंय, आणि दुसरं म्हणजे तूर पहिले दीड-दोन महिने फारच हळू वाढते, तेवढ्यात ज्वारी आपली वाढ उरकून घेते, ज्वारी निघाली की मग तूर मोकळी पसरते. मुळं खोल जातात म्हणून पाऊस उघडला तरी तग धरते, मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, वरून पाला झडतो तो जमिनीलाच. सोयाबीन आलं अन् ज्वारी गेली, कडबा गेला, गुरं गेली.

वाणाचंही तसंच. आम्ही कोणतं तरी घरचंच बी टाकत होतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ पांढऱ्या दाण्याचं आहे, साधारण दीडशे-एकशे साठ दिवसांत येतं, मरीला बऱ्यापैकी दाद देत नाही. लाल पाहिजे तर बीडीएन ७१६. पेरायच्या आधी बियाला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी, चोळायची, किलोला १० ग्रॅम, मग रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू, सावलीत सुकवून पेरायचं. पाणी साचतं तिथं तूर नकोच. पंचेचाळीस दिवसांनी शेंडे खुडले तर फांद्या जास्त फुटतात, मजूर मिळत नाही ही गोष्ट वेगळी. फुलात असताना आभाळ आलं, धुई पडली की फूल गळतं आणि शेंगा पोखरणारी अळी वाढते, तेव्हा रोज सकाळी एक फेरी मारायचीच.

लातूरसारखी डाळमिलची पेठ दाराशी आहे, २०२५-२६ ला हमीभाव क्विंटलला ८००० रुपये, आणि वावरात निम्मी झाडं तुराट्या होऊन उभी. बघवत नव्हतं.

आता खालच्या वावरात तीन-चार वर्षं तूर नाही असं ठरलंय, तिथं ज्वारी. अण्णा पाखरांचं काय म्हणत होते, पण कडब्याचं नाव काढल्यावर तयार झाले. तूर वरच्या वावरात, निचऱ्याच्या जागी, ७११ ची.

मायला वेगळंच लागलंय. तिला पैशाचं नाही, येळवसचं, म्हणजे वेळ अमावास्येचं. वावरातल्या कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी खायची तर त्यातले सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, आपल्याच वावरातले पाहिजेत असं तिचं म्हणणं, आणि मागच्या येळवसला ते लातूरच्या बाजारातून विकत आणावे लागले. पहिल्यांदाच. पिशवी तिनं माझ्या हातात दिली, स्वतः सोलल्या नाहीत त्या शेंगा.