एमटीबी (माउंटन बाइक, डोंगरवाटांवरची सायकल) रेस झाली एकदाची!

हौशी गटातच होतो, पण स्टार्टला सगळे असे सुटले की विचारू नका, पहिली काही मिनिटं नुसता धुरळा, पुढच्याचं मागचं चाक पण दिसेना. टायरमधली हवा मुद्दाम कमी ठेवलेली, पुढे 22 मागे 25 पीएसआय, ट्यूबलेस आहे म्हणून जमतं, ट्यूब असती तर पहिल्याच मोठ्या दगडाला रिममध्ये चिमटून पंक्चर ठरलेलं. खरी मजा खडीच्या चढावर (मजा म्हणजे काय ते समजून घ्या 😅), उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी गरगरतं आणि मागे रेलून बसलं की पुढचं उचलतं, मग सीटच्या टोकावर सरकायचं, कोपरं खाली आणि हलक्या गिअरवर धापा टाकत जायचं. काहीजण सायकल ढकलत चालले होते आणि खरं सांगतो त्यांचा स्पीड माझ्याएवढाच होता.

उतारावर फुल सस्पेन्शनवाले (पुढेमागे दोन्हीकडे शॉक असलेले) भुर्रकन पुढे. माझी हार्डटेल (मागे शॉक नसलेली), मागचे सगळे हादरे थेट पायांत. पण चढाला तीच हलकी पडते त्यामुळे मी काही बदलणार नाही, वाद घालायचा तर घाला.

मधेच टायरमधून पांढरं सीलंट (भोक बुजवायला टायरमध्ये भरलेला द्रव) फसफसायला लागलं, थांबून चाक फिरवलं, भोक खाली आणलं आणि बुजलं की राव! तेवढ्यात चारपाच जण पुढे गेले ते गेलेच. नंबर मधे कुठेतरी आलाय. आता चेन धुवायचीय, पण ते उद्या.