तुम्ही विचारलंत म्हणून : घोट्यात प्लेट टाकली, आता पाय कधी टेकवू?

ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डात आणल्यावर कमरेखालचा बधिरपणा उतरायच्या आत हा प्रश्न येतो. पेशंटने विचारला नाही तर सोबत बसलेला भाऊ विचारतो, आणि महिन्याभराने कामावरचे साहेब फोन करून विचारतात. डिस्चार्ज कार्डावर मात्र उत्तर एका ओळीत उरकलेलं असतं : ‘६ आठवडे वजन टाकू नये.’ का टाकू नये, कोणी टाकू नये, आणि सातव्या आठवड्यात नेमकं काय करायचं, याचा कुठेच पत्ता नसतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हे सगळं घोट्याच्या नेहमीच्या फ्रॅक्चरबद्दल आहे. ओल्या पायरीवर पाय मुरगळला किंवा दुचाकी घसरली, आणि घोट्याच्या आत-बाहेर हाताला लागणाऱ्या दोन उंचवट्यांपैकी एक किंवा दोन्ही मोडले, असं ते फ्रॅक्चर. उंचावरून पडून टाचेचं हाड फुटलं असेल किंवा नडगीच्या हाडाचा तळच चुरला असेल, तर हा हिशेब तिथे लावू नका. तिथे अंगाचं वजन थेट फुटलेल्या तुकड्यांवरच येतं, त्यामुळे ८ ते १२ आठवडे पाय अधांतरी ठेवावा लागतो.

घोट्याचा सांधा म्हणजे सुतारकामातली खाच आणि कुसू. वर छत नडगीच्या हाडाचं, आतली भिंत त्याच हाडाची, बाहेरची भिंत फिब्युला या बारीक हाडाची, आणि या खाचेत खालून टॅलस नावाचं हाड बसतं. बसतं म्हणजे अगदी चपखल. १९७६ साली मृतदेहांच्या पायांवर केलेला एक प्रयोग आजही दाखला म्हणून दिला जातो : टॅलस फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकला, तर दोन हाडांचा एकमेकांना टेकणारा पृष्ठभाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. तेवढंच वजन मग थोड्याशा जागेवर पडतं, कूर्चा झिजते आणि काही वर्षांनी घोटा सपाट रस्त्यावरही दुखू लागतो. गुडघ्याच्या वर मांडीचं हाड दोन-चार अंश वाकडं जुळलं तरी निभावतं. घोटा ही सूट देत नाही. ‘नुसत्या प्लास्टरने जुळलं नसतं का?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच असतं. टॅलस जागेवर असेल आणि सांधा स्थिर असेल तर प्लास्टरने छान जुळतं. टॅलस सरकला असेल तर मात्र खाच पुन्हा मापाची करावी लागते.

‘चार दिवस नुसतं झोपवून ठेवलं, बिल वाढवलं,’ ही तक्रारही नेहमीची. घोट्यावर मांस जवळपास नाहीच, हाडावर थेट कातडी. सुजेने ती ताणून चकचकीत झाली असताना चीर दिली तर टाके ओढून बसतात, कडा काळ्या पडतात आणि खाली प्लेट उघडी पडते. पहिल्या काही तासांत, सूज चढण्याआधी ऑपरेशन झालं तर उत्तम. ते हुकलं तर थांबायचं. बहुतेकांना ५ ते १० दिवस लागतात, फोड आले असतील तर जास्तही. कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की वेळ झाली. तोवर स्लॅब, म्हणजे एका बाजूने दिलेलं अर्धं प्लास्टर, आणि उंची. उंची म्हणजे पायाखाली एक उशी सरकवणं नव्हे. गुडघा कमरेपेक्षा वर आणि घोटा गुडघ्यापेक्षा वर, तोही छातीच्या पातळीच्या वर, असा पाय दिवसातला बहुतेक वेळ राहायला हवा. घोटा निखळून वाकडा झाला असेल तर तो सरळ करणं मात्र लांबवायचं नाही. ते काम कॅज्युअल्टीतच, एक्स-रेच्या रांगेतही वेळ न दवडता उरकायचं असतं, नाहीतर ताणलेली कातडी आतून मरते.

ऑपरेशनमध्ये काय होतं ते थोडक्यात. बाहेरच्या बाजूला फिब्युलावर चीर देऊन तुकडे जुळवतात, एक तिरपा स्क्रू त्यांना एकमेकांवर आवळतो आणि वर पातळ प्लेट बसते. तिचे स्क्रू साधारण ३.५ मिलिमीटर जाडीचे. आतल्या उंचवट्याला बहुधा ४ मिलिमीटरचे, अर्ध्याच लांबीला आटे असलेले दोन स्क्रू. तुकडा फार लहान असेल तर दोन तारा आणि त्यांच्याभोवती आठाच्या आकड्यासारखा वेढा. नडगीच्या हाडाची मागची कडही मोडली असेल आणि तो मागचा तुकडा मोठा असेल तर त्याचीही सोय. पायाच्या वरच्या बाजूला बोटांपर्यंत बधिर वाटतंय असं पुष्कळ जण सांगतात. फिब्युलाच्या खालच्या टोकापासून सुमारे १० ते १२ सेंटिमीटर वर एक बारीक नस पुढे येते आणि ती चिरेच्या वाटेतच असते. नुसती ताणली गेली असेल तर बधिरपणा काही महिन्यांत ओसरतो.

या सगळ्यात ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं की घोटा बिघडतो ती जागा म्हणजे नडगी आणि फिब्युला यांना बांधणारी लिगामेंटं, सिंडेस्मोसिस. हाडं जुळवून झाल्यावर सर्जनने फिब्युला हुकाने बाहेर ओढून, पाय बाहेर वळवून सी-आर्मच्या, म्हणजे थिएटरमधल्या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहायला हवं. फट पडत असेल तर सांध्याच्या २ ते ३ सेंटिमीटर वर, मागून पुढे २५ ते ३० अंश तिरका असा एक किंवा दोन स्क्रू दोन्ही हाडांतून जातो. त्याऐवजी हल्ली चिवट दोरा आणि दोन बटणंही वापरतात. ती महाग पडतात, पण थोडी हालचाल होऊ देतात आणि सहसा काढावी लागत नाहीत. कार्डावर ‘सिंडेस्मोटिक स्क्रू’ असं लिहिलेलं असेल तर पाय टेकवण्याचा तुमचा हिशेब शेजारच्या खाटेवरच्या पेशंटपेक्षा वेगळा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आता मूळ प्रश्न. घोटा मोडतो तो पिळवटून. सरळ उभं राहिल्यावर वजन छतातून टॅलसवर उतरतं, बाजूच्या भिंतींवर त्यामानाने थोडंच येतं. भिंती नीट बसवलेल्या असतील तर सरळ वजनाने त्या सहसा हलत नाहीत. त्यांना भीती पिळाची, म्हणजे बाथरूममध्ये घसरण्याची, अंधारात चप्पल शोधताना पाय वळण्याची. ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांतल्या ५६१ पेशंटांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ऑपरेशननंतर २ आठवड्यांनी चालू लागलेले लोक ६ आठवडे थांबलेल्यांच्या तुलनेत कुठेही मागे राहिले नाहीत. माझ्या मते कार्डावरच्या ‘६ आठवडे’ या ओळीत आता हाडापेक्षा सवयीचा भाग जास्त आहे. तरीही ही ओळ स्वतःच्या मनाने खोडू नका. तुमच्या सर्जनने आत हाड कसं होतं ते पाहिलंय, तुम्ही पाहिलेलं नाही. त्याला नेमकं विचारा : फिक्सेशन, म्हणजे प्लेट-स्क्रूंची पकड, घट्ट आहे का? सिंडेस्मोसिसचा स्क्रू आहे का? मागचा तुकडा केवढा होता?

सगळं ठीक असेल तर साधारण क्रम असा. पहिले २ आठवडे स्लॅब, पाय वर, बोटं दर तासाला हलवायची. १२ ते १४ दिवसांनी टाके निघतात, मधुमेह असेल तर ३ आठवड्यांपर्यंत ठेवतात. जखम कोरडी असेल तर त्यानंतर घोटा वर-खाली करायला सुरुवात, आणि घोटा धरून ठेवणारा, काढता-घालता येणारा बूट घालून थोडं थोडं वजन. ‘थोडं’ म्हणजे किती ते अंदाजाने कळत नाही. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्याच उंचीचा पाट शेजारी. चांगला पाय पाटावर, बूट घातलेला पाय काट्यावर, हात वॉकरवर. काटा १० किलो दाखवेपर्यंत दाबा आणि तो दाब पायाच्या तळव्याला ओळखीचा होऊ द्या. मग दर तीन-चार दिवसांनी ५ ते १० किलो वाढवत जा. संध्याकाळी थोडी सूज येणारच. पण रात्रभर पाय वर ठेवूनही ती उतरली नाही, किंवा एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं, तर एक पायरी मागे या. सिंडेस्मोसिसचा स्क्रू असेल तर बरेच सर्जन ६ ते ८ आठवडे पूर्ण वजन देत नाहीत.

आता ज्यांनी अजिबात घाई करायची नाही, ते लोक. जुना मधुमेह आहे, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अशांचा घोटा वेदना नावाचा चौकीदार गमावून बसलेला असतो. प्लेट सैल होते, स्क्रू वाकतात, आणि पेशंट ‘काही दुखत नाही’ म्हणून चालत राहतो. हळूहळू अख्खा घोटा ढासळतो. इथे जुना नियमच बरा : इतरांच्या दुप्पट काळ वजन बंद, दुप्पट काळ बूट. ऑपरेशनआधी १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तळव्याचा स्पर्श तपासायला एक मिनिट लागतं. तो तपासला नसेल तर तपासायला सांगा.

दुसरा गट तंबाखूवाल्यांचा. सिगरेटबद्दल सगळे विचारतात, पण घरातल्या आजीच्या मशेरीबद्दल कोणी विचारत नाही आणि आजी स्वतःहून सांगत नाही. निकोटिन मशेरीतून आलं काय किंवा बिडीतून, कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळायच्या त्या आवळतोच. जखमेच्या कडा काळ्या पडण्यामागे आणि हाड जुळायला वेळ लागण्यामागे त्याचा मोठा हात असतो. निदान टाके निघून जखम भरेपर्यंत तरी मशेरी बंद.

पायाचं सूप, हळदीचं दूध खुशाल घ्या, पण प्रथिनं आणि ड जीवनसत्त्व नीट आहे ना तेही पाहा. हाडवैदाकडे ‘बसवून घ्यायला’ जाऊ नका. बसवलेलं आहे, ते पुन्हा हलवू नका. टाक्यांच्या रेषेवर तेल चोळण्याचीही घाई नको.

कुबड्या घेणार असाल तर काखेत दोन-तीन बोटांची फट हवी आणि भार तळहातांवर. काखेवर लोंबकळत चाललं तर हाताची नस दबते आणि मनगट लुळं पडतं, म्हणजे पायाच्या दुखण्यात हाताची भर. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. सत्तरीपुढच्या माणसाला एका पायावर उड्या मारायला सांगणं हा अत्याचार आहे. त्यापेक्षा बूट घालून थोडं वजन टाकत चालणं जास्त सुरक्षित, आणि हे सर्जनशी आधीच बोलून ठेवावं.

‘टेकवू का’नंतर खरा प्रश्न येतो तो उकिडवं बसण्याचा, फक्त तो फोनवर विचारायला लोक लाजतात. भारतीय पद्धतीच्या शौचालयात टाच टेकवून बसायचं तर घोटा चांगलाच पुढे वाकावा लागतो, आणि घोट्याची हीच हालचाल सर्वात उशिरा परत येते. तोवर कमोड किंवा खुर्ची. सर्जनने मोकळीक दिली की भिंतीला हात टेकून, टाच न उचलता गुडघा पुढे नेण्याचा व्यायाम करा, रोज तीन वेळा, दर वेळी ३० सेकंद धरून. मांडी घालण्याची अडचण वेगळी असते. बाहेरची प्लेट थेट फरशीवर दाबली जाते. जाड आसन किंवा घोट्याखाली दुमडलेला टॉवेल हा त्यावरचा साधा उपाय. उजवा पाय असेल तर गाडीचा ब्रेक वेळेत दाबण्याची चपळाई परत यायला ऑपरेशनपासून सुमारे ९ आठवडे लागतात. स्कूटर चालवणारे ‘ब्रेक हातातच आहे’ म्हणतात खरे, पण सिग्नलला गाडी पेलते ती पायावरच. सूज ६ महिने ते वर्षभर ये-जा करते. तिला घाबरून दर आठवड्याला एक्स-रे काढू नका.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, किंवा धाप लागली, तर रक्ताच्या गुठळीची शंका आहे. सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. पट्टीतून पाणी किंवा पू येणं, ताप, बोटं थंड किंवा निळी पडणं, औषधालाही न जुमानणारी कळ, यांनाही तोच नियम.

शेवटी प्लेट. ‘दीड वर्षांनी काढावीच लागते’ हा समज फार पक्का आहे. मोठ्या माणसात ती आयुष्यभर राहू शकते. विमानतळावर फार तर यंत्र वाजेल. एमआरआयही बहुतेक वेळा करता येतो, फक्त आधी सांगायचं. सिंडेस्मोसिसचा स्क्रू पूर्वी ३ महिन्यांच्या आत सर्रास काढत. आता तो टोचत नसेल, घोटा अडवत नसेल तर बरेच जण ठेवतात. चालताना तो मोडला तरी सहसा काही बिघडत नाही. काढण्याची खरी कारणं म्हणजे बुटाला घासणारी किंवा मांडी घालू न देणारी प्लेट, जंतुसंसर्ग, सैल झालेला स्क्रू. काढायची तर हाड पक्कं जुळल्यावर, साधारण वर्षानंतर. काढल्यावर चालता लगेच येतं, पण स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही आठवडे धावणं आणि उड्या बंद. स्क्रूच्या डोक्याची खाच सगळ्या कंपन्यांची सारखी नसते, कुठे षटकोनी, कुठे चांदणीसारखी. चुकीचा पेचकस लावला की खाच गुळगुळीत होते, आणि वीस मिनिटांचं काम दोन तासांवर जातं. म्हणून डिस्चार्ज घेताना इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर आपल्या फाइलमध्ये लावून मागा. हॉस्पिटलकडे ते असतं, पण मागितल्याशिवाय फारसं कोणी देत नाही.