जुलैतली क्रॉपी: रे रॉबर्ट्स तलावावरची एक सकाळ

क्रॉपी हा गोड्या पाण्यातला मासा. लिहितात क्रॅपी, टेक्सासमध्ये म्हणतात क्रॉपी. मीही आता क्रॉपीच म्हणतो.

गेल्या शनिवारी डॅलसजवळच्या फ्रिस्कोहून अंधारातच निघालो. शेजाऱ्याची छोटी अ‍ॅल्युमिनियमची बोट, तो, मी आणि माझा मालवणचा मित्र. पाऊण तासात डेंटनच्या उत्तरेला, रे रॉबर्ट्स तलावाकाठच्या आइल डू बॉइस स्टेट पार्कच्या रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर. जुलैत इथे दहानंतर बोटीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं, त्यामुळे जे काय करायचं ते उजाडल्यापासून तीन-चार तासांत. सुट्टीच्या दिवशी जाणार असाल तर पार्कचा डे-पास आधीच बुक करा, ऐनवेळी मिळेलच असं नाही.

वसंतात ही मासळी अंडी घालायला काठाशी येते, तेव्हा कोणालाही मिळते. उन्हाळ्यात ती खोल पाण्यातल्या ब्रश पाइलमध्ये बसते, म्हणजे सिमेंटच्या ब्लॉकला बांधून बुडवलेल्या फांद्यांच्या ढिगात. तिथे सावली असते आणि आडोशाला बारके मासे येतात. ढीग कुठे आहेत हे जाणकार मंडळी सांगत नाहीत (आपल्याकडे तरी कोण सांगतं!), पण टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं बऱ्याच तलावांत स्वतः असे आडोसे बुडवतं आणि त्यांचे जीपीएस आकडे वेबसाइटवर देतं. सुरुवात तिथून करा.

आमच्या ढिगाचा तळ २२ फुटांवर आणि शेंडा १५ फुटांवर होता. नांगर टाकू नका, तो फांद्यांतच रुततो. ट्रोलिंग मोटरवर (बोटीची छोटी विजेची मोटर), वाऱ्याकडे तोंड करून बोट धरून ठेवायची आणि १/१६ औंसाचा जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेली नकली आमिषाची गरी, सरळ खाली सोडायचा. तंगूस (गळाची दोरी) ६ पौंड ताण सोसणारा. खरी गोम खोलीत आहे. क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला, ती वरचं खाते, खालून गेलेल्या जिगकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून जिग १४ फूट खोल असताना तंगुसाला रीळाशी मार्करने काळी खूण केली आणि खूण रीळाशी आली की थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. पहिला अर्धा तास मी रॉड नाचवत बसलो, काही नाही. शेजारी रॉड मांडीवर टेकवून कॉफी पीत होता आणि त्याच्या डब्यात चार.

टोचा जाणवतच नाही. रॉडचं टोक वाकण्याऐवजी तंगूस एकदम सैल पडतो, कारण मासा जिग घेऊन वर येतो. तेव्हा मनगट नुसतं उचलायचं. मित्र लहानपणापासून गरवणारा, त्याने सवयीने हिसका दिला आणि गरीबरोबर ओठाचा पापुद्रा तेवढा वर आला. कागदाचं तोंड आहे हो तिचं! तीन गेल्यावर तो शिकला. बोटीशी आली की जाळी खाली घाला, तंगुसाने उचलू नका.

जिग फांदीत अडकणारच. माझे सात गेले. ओढलं की जास्त रुततो. तंगूस सैल सोडून टोक हलकेच थरथरवलं तर निम्मे सुटतात. डझनभर न्या, पिवळसर हिरवे चालले.

१० इंचाखालची परत सोडायची, दिवसाला माणशी २५. आमच्या तिघांच्या मिळून १९ झाल्या. बोटीत मासे कापायचे नाहीत, काठावर येईपर्यंत डोकं-शेपूट शाबूत हवं. सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांना मासेमारीचं लायसन्स लागतं. पार्कच्या काठावरून किंवा धक्क्यावरून गरवलं तर नाही लागत, पण उन्हाळ्यात काठावर क्रॉपी शोधू नका. तलावात झेब्रा शिंपले आहेत, ही उपद्रवी जात पाण्याबरोबर दुसऱ्या तलावांत पसरते, म्हणून निघण्याआधी बोटीतलं आणि माशांच्या टाकीतलं सगळं पाणी काढून टाकावं लागतं. तो कायदाच आहे. बर्फ मात्र भरपूर न्या, आमचा नऊलाच वितळला.

घरी शेजाऱ्याने फिले काढायला सुरी घेतली, ती मित्राने हातातून काढून घेतली. खवले काढून, आडव्या चिरा देऊन, कोकमाचं आगळ, हळद, तिखट, वरून रवा. शेजाऱ्याने काटे काढत सहा खाल्ल्या.