मेंढीकोटची वही: सहा महिने झाले, आता कुठे हुकूम मोजता येतोय

वही सुरू केली तेव्हा ठरवलेलं की पडलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवायचं, बावन्नच्या बावन्न. काय डोक्यात होतं देव जाणे. तिसऱ्या हातापर्यंत सगळं व्यवस्थित लक्षात राहायचं, चौथ्याला दीर काहीतरी पाचकळ बोलायचा आणि संपलं, मग इस्पिकचा राजा आत्ता गेला की मागच्या डावात गेलेला आठवतोय काही कळायचं नाही. दोन महिने असेच घालवले. आई (म्हणजे सासूबाई, माझ्या कायमच्या भिडू) काही बोलायच्या नाहीत, फक्त मी चुकीचं पान टाकलं की स्वतःच्या हातातली पानं एकदा मिटून परत पंख्यासारखी उघडायच्या. ते बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

नवीन आलेल्यांसाठी आमचे नियम पटकन सांगते कारण घरोघरी वेगळे असतात. चौघं, समोरासमोर भिडू, पानं आधी पाच मग चार-चार, खेळ उजवीकडे फिरतो. तीन दश्शा आल्या की जिंकलो, चारही आल्या तर कोट, दोन-दोन झाल्या तर ज्याचे सात हात त्याचा डाव. पिसायचं हरलेल्या बाजूने. आम्ही जास्त करून बंद हुकूम खेळतो, म्हणजे वाटणाऱ्याच्या उजवीकडचा एक पान उलटं ठेवतो आणि ज्याच्याकडे उतरलेला (म्हणजे हाताची सुरुवात झालेला) रंग नाही तो हुकूम उघडायला सांगू शकतो, आणि सांगितलं की त्याला हुकूम असेल तर मारायलाच लागतं. हा शेवटचा नियम सगळीकडे नाहीये पण आमच्याकडे यावरून एकदा इतकं वाजलंय की आता तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पुतण्या आला की कट हुकूम (म्हणजे उतरलेला रंग नसलेला पहिला जण जे पान टाकेल, म्हणजे कटेल, तो रंग हुकूम), कारण त्याला धीर नाही.

माझी बाजू दिराची उजवी नाही तर डावी, असं बसण्यावरूनही बराच फरक पडतो बरं का. आमची जागा ठरलेली आहे, माझ्या उजवीकडे दीर, समोर आई, डावीकडे नवरा. म्हणजे मी उतरले की आईंच्या आधी दीर खेळतो, शेवटी नवरा. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवते.

आता मोजायचं. बावन्न पानांचा नाद सोडला आणि फक्त हुकूम मोजायला लागले, तेही पडलेले नाही तर राहिलेले. हुकूम उघडला की स्वतःच्या हातातले मोजायचे, तेरातून वजा करायचे, आणि तो आकडा मनात धरून ठेवायचा, बाहेर एक हुकूम पडला की एक कमी. पाच हुकूम माझ्याकडे तर आठ बाहेर. आठ, सात, पाच (दोघांनी टाकले), चार. बस. पुढे जाणारे आकडे माझ्या डोक्यात घसरतात, उलटे उतरणारे राहतात, असं का ते विचारू नका. दश्शा मोजायला लागतच नाहीत, त्या आपोआप दिसतात, सगळ्यांचा जीव त्यातच असतो. तिसरी गोष्ट म्हणजे कुणाकडे कुठला रंग संपलाय. ही अजून नीट जमत नाही पण सगळ्यात जास्त डाव मी यातच घालवलेत, आणि एक तर असा घालवलाय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चौथ्या महिन्यातला. नऊ हात झालेले, आमचे पाच त्यांचे चार, एक दश्शी आमच्याकडे एक त्यांच्याकडे. हुकूम किलवर, उघडलेला. उतारी माझी. माझ्या हातात किलवरचा राजा, बदामची दश्शी, चौकटची पंजी आणि तिर्री. किलवरचा एक्का केव्हाच गेलेला म्हणजे राजा सगळ्यात मोठा. आणि हे लक्षात घ्या, सुरुवातीला माझ्या बदाम एक्क्यावर आईंनी चौकटचं पान टाकलेलं, म्हणजे त्यांच्याकडे बदाम नाही हे टेबलावर सगळ्यांनी पाहिलेलं. मी काय करावं? मी विचार केला आधी हुकूम काढून घेऊ म्हणजे कुणी मारायला नको, आणि ऐटीत किलवरचा राजा उतरले. दिराने बदाम सत्ती टाकली. आईंनी नव्वी टाकली, हुकमाची. नवऱ्याने चौकट टाकली.

बाहेर एकच हुकूम राहिलेला आणि तो माझ्या भिडूकडे होता. मीच काढला.

मोजलं असतं तर कळलं असतं, अकरा किलवर गेलेले, एक माझा, म्हणजे एकच बाहेर. बदामची दश्शी उतरायची होती सरळ. दिराने राणी टाकली असती, आईंनी नव्वीने मारली असती, नवऱ्याकडे हुकूम नव्हताच. दुसरी दश्शी आमची, सहा हात, आणि माझा राजा सातवा, म्हणजे शेवटची दश्शी त्यांच्याकडे गेली असती तरी दोन-दोनवर सात हातांनी डाव आमचा. त्याऐवजी मी चौकटची तिर्री उतरले, दिराने गुलामाने हात केला, बदामची राणी उतरला आणि माझ्याकडे बदाम म्हणून एकच पान, दश्शी, ती मुकाट्याने टाकली. शेवटच्या हाताला त्याच्याकडे इस्पिकची दश्शी होती, तीही गेली. तीन दश्शा त्यांच्या. आई एवढंच म्हणाल्या, "अगं, तो शेवटचा होता माझा." नंतर पानं गोळा करताना परत म्हणाल्या, "नव्वी होती."

त्या दिवसापासून वहीत प्रत्येक हरलेल्या डावाचे शेवटचे चार हात लिहून काढते. जिंकलेले नाही लिहीत, जिंकलेल्यातून काही कळत नाही, पानं चांगली आली की कुणीही जिंकतं.

मध्ये एक लफडं झालं. आमच्या जुन्या कॅटमधल्या चौकटच्या सत्तीचा कोपरा दुमडलेला होता, मला वाटायचं फक्त मलाच माहितीये आणि मला त्याचं अपराधीही वाटायचं, म्हणजे वाटायचं आणि तरी मी बघायचे. एका शनिवारी नवरा सहज बोलून गेला "चौकट सत्ती त्याच्याकडेच आहे की" आणि सगळे एकदम गप्प. मग निघालं की चौघांनाही माहिती होतं, आईंना तर ती कुणी दुमडली तेही माहिती होतं. नवीन प्लॅस्टिकचा कॅट आणला. तो इतका गुळगुळीत की पहिल्या वाटणीला निम्मी पानं सोफ्याखाली, आणि आईंच्या बोटांत पंखा धरवत नाही, घसरतो. सध्या त्या पानं दोन भागात धरतात, काळे वेगळे लाल वेगळे, आणि त्यांचा हात कुठल्या भागाकडे गेला ते दीर बघतो हे मी त्यांना सांगितलंय. त्यांनी परवा मुद्दाम लाल भागाकडे हात नेऊन काळं पान काढलं.

पिसण्याबद्दल. हे मला पुतण्यामुळे कळलं, तो अकरावीला आहे आणि त्याला सध्या सगळ्यात गणित दिसतं. मेंढीकोटमध्ये काय होतं की हात गोळा केले की एकाच रंगाची चार-चार पानं चिकटून गठ्ठ्यात बसतात, आणि आपण पिसतो कसं, गठ्ठ्यातून थोडी थोडी वरून खाली टाकत. त्याने पानं फारशी सुटी होतच नाहीत. मग एकेकाला सहा-सात इस्पिक येतात, आणि कट हुकूम असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या हातालाच कुणीतरी कटतो आणि खेळच संपतो. दोन गठ्ठे करून अंगठ्याने फर्र करत एकमेकांत घुसवायची जी पद्धत आहे ना, त्या पद्धतीने साधारण सात वेळा पिसलं तर बावन्न पानं बऱ्यापैकी मिसळतात हे बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलंय. सात! आम्ही तीनदा वरखाली करून वाटत होतो. आता सात वेळा फर्र करतो, प्लॅस्टिकचा कॅट इथे कामाला आला, आणि खरंच पानं सपाट यायला लागलीत, म्हणजे चार-तीन-तीन-तीन असली कंटाळवाणी. दिराचं म्हणणं मजा गेली. मला उलट वाटतं, आता मोजण्याला किंमत आलीये, पूर्वी सात हुकूमवाला डोळे मिटून जिंकायचा.

त्याच पुतण्याकडून दश्शांचे आकडे काढून घेतले आणि नंतर मी स्वतः कागदावर करून पाहिले. आपल्या हातात एकही दश्शी न येण्याची शक्यता साधारण ३० टक्के. चौघांकडे एकेक दश्शी जाणं फक्त साडेदहा टक्के, मला हे खूप वेळा होत असेल असं वाटायचं. आणि दोन्ही बाजूंकडे वाटतानाच दोन-दोन येणं ३९ टक्के. म्हणजे जवळजवळ साठ टक्के डावांत एका बाजूकडे वाटतानाच जास्त दश्शा असतात. मी दश्शी आली नाही की तोंड पाडून बसायचे (आणि दिराला ते लगेच कळायचं), आता नाही बसत, कारण दश्शी नसणाऱ्यालाच खरं तर मोकळेपणाने खेळता येतं, सांभाळायला काही नसतं. आईंच्याकडे दश्शी नसली की त्या सगळ्यात डेंजर असतात.

एक शनिवार दहला पकड खेळलो, पुतण्याच्या मित्राने शिकवला. उत्तरेकडचा आपल्या मेंढीकोटचाच भाऊ, दश्श्याच पकडायच्या, पण त्यात हात केला की लगेच उचलायचा नाही, मधे साठत राहतो, आणि लागोपाठ दोन हात ज्याने केले तो सगळा ढीग उचलतो. भयंकर टेन्शन. दोन दश्शा मधे पडलेल्या आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा दुसरा हात अडवायला बघतोय. नवऱ्याला फार आवडला, आईंना अजिबात नाही, "केलेला हात उचलायचा नाही म्हणजे काय" म्हणाल्या. मला वाटतं मोजायला शिकायचं असेल तर मेंढीकोटच बरा, दहला पकडमध्ये नाट्य जास्त आहे पण निवांत विचार करायला जागा नाही.

गंजिफाचंही डोक्यात आहे, सावंतवाडीचे गोल पत्ते, दशावतारी संच, दहा रंग आणि प्रत्येकी बारा म्हणजे १२० पानं. हुकूम नसतोच. राजा आणि प्रधान सगळीकडे वर, पण त्याखाली निम्म्या रंगांत दहा मोठा आणि निम्म्यांत एक्का मोठा, हे वाचूनच माझ्या डोक्यातले उलटे आकडे सुलटे झाले. इथे तेरा हुकूम धड मोजता येत नाहीत तोवर तिकडे बघायचं नाही असं स्वतःला बजावलंय.

आता गेल्या शनिवारचं, आणि इथे मला तुमचं मत हवंय. हुकूम बदाम. दहा गेलेले, दोन माझ्याकडे, म्हणजे बाहेर एकच, आणि या वेळी मोजणी शंभर टक्के बरोबर होती. नवऱ्याकडे नाही हे पक्कं, त्याने आधीच्या हाताला किलवर नसताना मारलं नव्हतं आणि तो हात आमच्याकडे चाललेला, असता तर सोडला नसता. म्हणजे आईंकडे नाहीतर दिराकडे. चौकटची दश्शी अजून बाहेर आणि चौकटचा एक्का माझ्याकडे. हुकूम काढू का? चौथ्या महिन्यातली ती नव्वी डोळ्यासमोर आली आणि म्हटलं नको, भिडूचा परत नाही काढायचा. चौकटचा एक्का उतरले. दिराने बदामची तिर्री काढली आणि हळूच ठेवली, टाकली नाही, ठेवली. आईंकडे चौकटचं एकच पान होतं. दश्शी.

तर प्रश्न असा, बाहेर एकच हुकूम आहे, दोघांपैकी कुणाकडे माहीत नाही, एक त्यातला तुमचा भिडू, तुमच्याकडे दोन आहेत, एक खर्च करून काढता का ठेवता? नवरा म्हणतो काढायचा, दोन असताना एक गेला तर काय बिघडतं. दीर म्हणतो "ठेवत जा वहिनी, ठेवतच जा." आईंना विचारलं तर म्हणाल्या मी कुठल्या हाताला काय टाकलं ते बघितलं असतंस तर विचारायला लागलं नसतं, सहाव्या हाताला त्यांनी हातातला राजा सोडून दुर्री टाकलेली म्हणे, त्यावरून कळायला पाहिजे होतं. काय कळायला पाहिजे होतं ते अजून मला कळलेलं नाही, दोनदा लिहून काढलं तरी.

हरलो, म्हणजे पिसायचं आमच्याकडे. मी कॅट उचलला तर आई म्हणाल्या, "सात वेळा हं."