सतरा मिनिटांचा राग

काल एकटीने विमान उतरवल्यावर विमानतळाच्या टॉवरला फोन केला, तेव्हा कंट्रोलर साहेब अगदी सहज म्हणाले, "मॅडम, आप पूरे टाइम साफ सुनाई दे रही थीं." मग जरा थांबून त्यांनी पुढे जोडले, "मराठी भी." कालच्या पावसाची मला रात्री एकदाही आठवण झाली नाही, पण या शेवटच्या दोन शब्दांनी पहाटेपर्यंत झोप लागू दिली नाही, आणि असे का व्हावे हे उमगत नाही म्हणून आज लिहायला बसले आहे.

जळगावहून निघताना आकाश काही वाईट नव्हते. परतीचा पाऊस दुपारनंतर अजिंठ्याच्या डोंगरावर जमतो हे ठाऊक असल्यामुळेच मला विमान शिकवणाऱ्या सरांनी मला बाराच्या आत हवेत असायला सांगितले होते; कागदपत्रांत आणि इंधनाची पुन्हा पुन्हा तपासणी करण्यात मी पाऊण तास घालवला, हा दोष सर्वस्वी माझा. जळगाव ते छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ सरळ रेषेत सुमारे 66 नॉटिकल मैल, म्हणजे सेसना 172 या छोट्या विमानाला चाळीसेक मिनिटांचे काम. केळीच्या बागा मागे पडल्या, 4,500 फुटांवर विमान स्थिर झाले, आणि डोंगराची कड ओलांडली तोच पठारावर पावसाचा राखाडी पडदा दिसला. सरीला वळसा घालण्यासाठी मी पूर्वेकडे वळले. तिथे हवेने दोन-तीन सणसणीत धक्के दिले, मांडीवरचा नीबोर्ड, म्हणजे टिपणांची पाटी, घसरला, तो मी डाव्या हाताने सावरला, आणि त्यानंतर कानांत काहीही आले नाही.

इंजिनाची घरघर होतीच. पण एरवी फ्रिक्वेन्सीवर जी कुजबूज चालू असते, कोणाची उंची, कुठला वारा, कोणाचे तरी घाईतले 'रॉजर', आणि जिचा मला बहुतेक वेळा त्रासच होतो, ती एकदम पुसली गेली. मी टॉवरला हाक मारली. पुन्हा मारली. आवाजाचे बटण, खरखर गाळणारा स्क्वेल्च, दुसरा रेडिओ, सर्किट ब्रेकर, विजेचा काटा, सगळे पाहिले, आणि सगळे जागच्या जागी होते. आणीबाणीच्या 121.5 फ्रिक्वेन्सीवर हाक मारून पाहिली, रडारला आपली ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर रेडिओ बिघडल्याचा 7600 हा कोड लावला. मागे फिरावे तर डोंगर ढगात गेलेला. पुढे ढगांचा तळ खाली येत होता म्हणून 3,500 फुटांवर आले, आणि सिल्लोडहून फुलंब्रीकडे जाणारा रस्ता दिसला तो डाव्या खिडकीतून सुटू दिला नाही.

विमानातला रेडिओ वापरण्याच्या परवान्यासाठी असलेल्या आर.टी.आर.च्या तोंडी परीक्षेत मी याच प्रसंगाचे उत्तर न अडखळता दिले होते. आपल्याला ऐकू येत नसेल तर 'ट्रान्समिटिंग ब्लाइंड ड्यू टू रिसीव्हर फेल्युअर', म्हणजे माझा रिसीव्हर बिघडल्यामुळे उत्तर ऐकू येत नसताना बोलते आहे, असे म्हणावे, निरोप पूर्ण सांगून पूर्ण परत सांगावा, आणि पुढचा निरोप किती वाजता देणार तेही सांगावे. काल मी फक्त 'ट्रान्समिटिंग ब्लाइंड' एवढेच म्हणत राहिले. उरलेले शब्द विसरले असे नाही, ते माझ्या मनात आलेच नाहीत, कारण बिघाड माझ्या बाजूचा असू शकतो ही शक्यताच मी विचारात घेतली नव्हती. त्यांना माझे ऐकू जात नाही, किंवा जाते आणि कोणी लक्ष देत नाही, या दोनच गोष्टी मला दिसत होत्या, आणि मी दुसरी निवडली.

भीती होती, ती नाकारत नाही. पण त्या सतरा मिनिटांत मनात वर होता तो राग. त्रेचाळिसाव्या वर्षी हे शिकायला निघालेल्या बाईला कोण विचारतो, तिकडे चहा चालू असेल, प्रवासी विमान असते तर धावले असते, असे काय काय मी मनात म्हटले. सगळेच मनात राहिले नाही. घामेजलेला अंगठा बोलण्याच्या बटणावर दाबलेलाच राहिला होता, आणि जवळजवळ अर्धा मिनिट फ्रिक्वेन्सीवर माझी पुटपुट गेली: "अहो, कोणीतरी बोला हो. नुसते हो म्हणा, बाकी काही नको." तेवढा वेळ दुसऱ्या कोणालाही तिथे बोलता आले नसणार, हेही आता कळते.

उजवीकडे हर्सूलचा तलाव आला आणि पावसापलीकडे टॉवरची काच दिसली. तिथून हिरवा प्रकाश माझ्यावर रोखला गेला. न लुकलुकणारा, स्थिर हिरवा, म्हणजे उतरायला परवानगी. मी पंख हलवून पोच दिली आणि ओल्या धावपट्टीवर उतरले. इंजिन बंद केले, चाकांना अडण्या लावणारा मुलगा दारातून आत डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची पिन निघालीये."

हेडसेटच्या वायरीला दोन पिना असतात, ऐकण्याची जाड आणि बोलण्याची बारीक. पॅनेलच्या खालच्या कडेला, डाव्या गुडघ्याजवळ, जाड पिन बोटभर बाहेर आली होती. नीबोर्डचा पट्टा तिच्यातच अडकला असणार. बारीक पिन पक्की बसलेली होती.

माझ्या प्रत्येक हाकेला टॉवरने उत्तर दिले होते. दृश्यमानता किती, वारा कुठला, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, ऐकू येत असेल तर पंख हलवा म्हणत होते, आणि एका प्रवासी विमानाला त्यांनी माझ्यासाठी वर घिरट्या घालायला लावले होते. म्हणजे धावले ते माझ्यासाठीच. मग त्या रागाचे काय करायचे? कारण खोटे निघाले म्हणून तो मागाहून विरघळत नाही. आज सकाळी दात घासताना मला त्यांचा पुन्हा राग आला, आणि त्या वेळी तर मला सगळे माहीत होते.

त्याहून एक गोष्ट जास्त टोचते. रेडिओवर बोलताना आपला आवाज आपल्याच हेडफोनमध्ये ऐकू येतो, त्याला साइडटोन म्हणतात. पिन निघाल्याबरोबर तोही गेला होता. तो गेला म्हणजे दोष आपल्या कानाशी आहे, हे दुसऱ्या तासाला शिकवतात. सतरा मिनिटे मी बोलत होते, आणि माझा स्वतःचा आवाज मला येत नाही याची मला जाणीव झाली नाही. पलीकडचे काय म्हणतात याकडे इतके कान लावलेले असताना हे कसे झाले? इथे दादाचे नाव लिहिणार होते. पण नको, तो विषय वेगळा आहे.

आज सकाळी सर एसटीने आले. माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, त्यामुळे त्यांना सर म्हणताना अजूनही जीभ अडखळते, आणि ते मला ताई म्हणतात. मी रागावून घ्यायच्या तयारीने उभी होते. त्यांनी पिन आत ढकलली, बाहेर ओढली, पुन्हा ढकलली आणि विचारले, "स्पीकरचे बटण दाबून पाहिले होते का, ताई?" नव्हते. छतातल्या स्पीकरवर सगळे ऐकू आले असते. परतीच्या वाटेवर ते शेजारी बसले, डोंगर स्वच्छ होता, आणि जळगाव दिसेपर्यंत आम्ही दोघे कामापुरतेच बोललो. मेकॅनिकने रेडिओ तपासला आणि नोंदवहीत 'दोष आढळला नाही' असे लिहिले, त्यावर मला सही करावी लागली.

संध्याकाळी जाड पिनेवर लाल नेलपॉलिशचे कडे रंगवले. ते दिसले की पिन बाहेर आली असे समजायचे.

टॉवरमधले संभाषण ध्वनिमुद्रित होते आणि ते निदान 30 दिवस जपून ठेवावे लागते. आज दुसरा दिवस. तेवढ्यात कोणी ते ऐकलेच, तर एवढे तरी त्यांच्या लक्षात यावे की इतक्या रागातही मी 'अहो' म्हणणे सोडले नव्हते.